काठी उभी राहते ती कशाच्या बळावर?



गुढीपाडव्याच्या सकाळीं आपल्यापैकीं बहुतेकांनीं एक वेळूची काठी खिडकीच्या गजाला किंवा गच्चीच्या कठड्याला बांधून उभी केलेली असते. काठी फार तर आठ-दहा फुटांची. वर तांब्या, रेशमी वस्त्र आणि साखरेची गांठी. तरीदेखील ती बांधतांना घरांत एक लहानसा प्रसंग घडतोच. एक जण काठी धरतो, दुसरा दोरी शोधावयास आंत जातो, धरणाऱ्याचा हात भरून येतो, तांब्या कलंडूं लागतो, आणि "अगोदर दोरी आणून ठेवायला काय झालें होतें?" असा प्रश्न कोणीतरी कोणाला तरी विचारतो. आज मी जें सांगणार आहें तें या प्रश्नाचेंच कांहींसें विस्तृत उत्तर आहे. फरक इतकाच कीं, माझी काठी तीस-पस्तीस फुटांची आहे, ती धातूची आहे, आणि तिच्या शेंड्याला तांब्याऐवजीं बिनतारी संदेशाची तार जोडलेली आहे.

हौशी रेडिओ हा छंद आपल्याकडे थोड्या लोकांना असला तरी त्यांची निष्ठा थोर आहे. परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाचा परवाना मिळवावयाचा, 'व्ही-यू' या अक्षरांनीं सुरू होणारें आपलें हांकनांव घ्यावयाचें, आणि मग घरांतल्या लहानशा यंत्रावरून दूरदूरच्या समानधर्मी मंडळींशीं बोलावयाचें. या छंदाला लोक एरवीं हंसतात. परंतु जानेवारी २००१ मधील भूजच्या भूकंपांत आणि डिसेंबर २००४ मध्यें अंदमानवर समुद्र चालून आला त्या वेळीं, टेलिफोन मुके झाले असतां, याच लोकांनीं निरोप पोहोंचविले. अशा प्रसंगीं यंत्र पिशवींतून नेतां येतें. खांब मात्र तेथल्या तेथें, मिळेल त्या जमिनीवर, मिळतील त्या माणसांकडून उभा करावा लागतो.

खांब हवा तरी कशाला, असें कोणी विचारील. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलावयाचें तर लहरीची लांबी चाळीस मीटरच्या आसपास असते, आणि तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे वीस मीटर तार आकाशांत टांगावी लागते. या तारेचा मध्य खांबाच्या शेंड्याला बांधून दोन्ही बाहू घराच्या पाख्यांसारखे दोन बाजूंना उतरते सोडले कीं झाला 'उलटा व्ही'. तार जमिनीलगत ठेवली तर तिची बरीचशी शक्ति मातींतच जिरते. दहा मीटर उंचीवर ती चांगली काम देते. तितक्या उंचीवरून निघालेल्या लहरी बऱ्याच अंशीं उभ्या दिशेनें वर जाऊन आयनमंडलावरून परत येतात आणि कांहींशें किलोमीटरचा मुलूख झांकतात. संकटकाळीं जिल्ह्याच्या ठिकाणाशीं बोलण्यास हेंच अंतर उपयोगाचें असतें. म्हणून दहा मीटरचा खांब.

आतां मुद्द्याकडे येतों. खांब जमिनीवर आडवा पडलेला असतो तोंवर त्यापासून भय नाहीं. चारी बाजूंचे तणावे ताणून तो उभा झाला म्हणजेही फारसें भय नाहीं. भय आहे तें मधल्या अर्ध्या तासांत. जोडणीचे तुकडे एकांत एक बसवावयाचे असतात, वरची तार हाताशीं असतांना जोडावयाची असते, तणाव्यांची लांबी बेताची करावयाची असते. या कामासाठीं खांब, किंवा निदान त्याचा खालचा भाग, उभा हवा असतो. परंतु त्याला उभा ठेवणारे तणावे अजून लागलेले नसतात. या अर्ध्या तासांत खांब कशाच्या आधारावर उभा असतो? बहुतेक ठिकाणीं उत्तर एकच: कोणाच्या तरी हाताच्या.

हें मी अनुभवानें सांगतों. भूजच्या भूकंपानंतर महिनाभरानें, २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनीं, आमच्या शाळेच्या पटांगणांत हौशी रेडिओचें प्रात्यक्षिक ठेवावें असें ठरलें. माझा एक माजी विद्यार्थी परवानाधारक झाला होता. यंत्र त्यानें आणलें. खांबाची जबाबदारी मीं आपण होऊन अंगावर घेतली. दीड इंची लोखंडी नळाचे तीन तुकडे जोडून नऊ मीटरचा खांब केला. वजन तीस किलोच्या वर. तो आम्हीं सातआठ जणांनीं ढकलून उभा केला, आणि मग तिघांना "धरा" असें सांगून उरलेले तणावे उलगडावयास गेलों. तणावे सारे तयार होते, पण गुंडाळलेले! कोणत्या मेखेला कोणता बांधावयाचा याची चर्चा चालली होती. तितक्यांत वाऱ्याची एक झुळूक आली. झुळूकच, वादळ नव्हे. तिघांपैकीं प्रत्येकाला वाटलें कीं बाकीच्या दोघांनीं नीट धरलें आहे. खांब प्रथम अगदीं सावकाश कलला, आणि मग कोणाच्याही हातीं राहिला नाहीं. शेंडा वर्गाच्या कौलांवर आदळला. ज्या ओसरीवर तो पडला तेथून मुलांची एक रांग नुकतीच पाणी पिऊन गेली होती. खालीं कोणी नव्हतें, हें आमचें पुण्य. आमची हुशारी नव्हे. त्या दिवशीं प्रात्यक्षिक झालें नाहीं, आणि ज्यानें यंत्र आणलें होतें त्याला मी पुष्कळ दिवस तोंड दाखवूं शकलों नाहीं.

घरीं येऊन मीं कागद-पेन्सिल घेतली. गणिताच्या मास्तरानें हें अगोदर करावयास हवें होतें, पण तसें झालें नाहीं खरें. आजच्या सोयीसाठीं हलका खांब घेऊं: अॅल्युमिनियमचा, दहा मीटर लांब, वजन १२ किलो, आणि शेंड्याला ४ किलोचा भार. खांब अगदीं सरळ असेल तर त्याला एका बोटानें धरतां येतें. तो सरळ आहे म्हणून धरणाऱ्याला कांहींच कष्ट पडत नाहींत, आणि तेथेंच फसगत होते. माणूस दीड मीटर उंचीवर खांब धरतो असें समजूं. खांब ५ अंश कलला कीं त्याच्या हातावर सुमारें ६ किलोचा जोर येतो. हें कोणीही सांभाळील. १५ अंशांवर तोच जोर सतरा किलो होतो. ३० अंशांवर तेहतीस किलो. शेंडा जितका खालीं येईल तितका जोर वाढत जातो आणि धरणाऱ्याचें बळ मात्र तेवढेंच राहतें. किंबहुना पाय घसरूं लागल्यामुळें कमीच होतें. म्हणजे खांब सावरण्याची संधि पहिल्या पांच-सात अंशांतच असते. त्यापुढें त्याला धरून ठेवणें शौर्याचें असेल, शहाणपणाचें नाहीं; हात सोडून बाजूस व्हावें. वाऱ्याचा हिशेबही असाच. दोन इंची नळीच्या अशा खांबावर ताशीं ३६ किलोमीटरचा वारा आला तर एकट्या त्या वाऱ्यानें धरणाऱ्याच्या हातावर बारा किलोचा भार येतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा दाब चौपट होतो.

मग हाताऐवजीं काय वापरावें? लोक नानाप्रकारच्या युक्त्या करतात. कोणी लोखंडी तिवई वापरतात. तिचे पाय चांगले फांकलेले आणि प्रत्येक पायावर वाळूचें पोतें असेल तर खांबाचे पहिले दोन तुकडे ती सहज पेलते. कोणी एका जाड लोखंडी पत्र्यावर नळीचा तुकडा उभा जोडून घेतात आणि तो पत्रा मोटारीच्या चाकाखालीं घालतात. मोटारीचें वजन आपोआप पायथ्यावर येतें. खांब नळींत उभा करावयाचा, बस्. ज्याला एकट्यालाच काम करावयाचें आहे आणि ज्याच्याजवळ मोटार आहे त्याला याहून सोपें साधन नाहीं. घराच्या भिंतीला किंवा गच्चीच्या खांबाला बांधावयाचें तर एका जागीं कितीही घट्ट बांधलें तरी उपयोग नाहीं. दोन ठिकाणीं बांधावें, आणि त्या दोन ठिकाणांमध्यें जमेल तेवढें अंतर ठेवावें. १५ अंश कललेला आपला खांब एकमेकांपासून एक मीटरवर असलेल्या दोन पट्ट्यांवर प्रत्येकीं २६ किलोचा जोर देतो. तेंच अंतर पाव मीटर ठेवलें तर १०४ किलोचा. झाडाला बांधणाऱ्यांना मी इतकेंच सांगेन कीं झाड डोलतें.

जमिनींत नळ ठोकून त्यावर खांब चढविण्याची पद्धत फार जणांना आवडते, आणि ती वाईट नाहीं. अर्धा मीटर जमिनींत, मीटरभर वर. मात्र जमीन कोणती हें पाहावें. मुरमांत नळ घट्ट बसतो. देशावरची काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते आणि पहिल्या पावसानंतर लोण्यासारखी होते. काल ताठ असलेला नळ आज हातानें हलतो. कोंकणांत जांभ्यावर तर पहार उडून परत येते. तेथें मेखांचा नाद सोडून दगडांनीं भरलेल्या पोत्यांचें वजन वापरावें.

तथापि मला स्वतःला या सर्वांहून जी युक्ति अधिक पसंत आहे ती अगदींच साधी आहे, आणि आपल्याकडे ती पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. चैत्री पौर्णिमेला कोल्हापुरानजीक वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या यात्रेंत ज्यांनीं सासनकाठ्या पाहिल्या असतील त्यांना ती तत्काळ ध्यानांत येईल. एवढी उंच काठी एक माणूस पेलतो आणि वर नाचवितो, ती केवळ आपल्या बाहुबळावर नव्हे. काठीच्या वरच्या भागाला बांधलेल्या दोऱ्या निरनिराळ्या दिशांना उभ्या असलेल्या मंडळींच्या हातांत असतात, आणि प्रत्येक जण आपली दोरी बेतानें ओढून आणि सैल सोडून काठीचा तोल राखतो. खालचा माणूस वजन घेतो; तोल राखण्याचें काम दोऱ्यांचें. आम्हीं शाळेंत हींच दोन कामें एकत्र करून तिघांच्या हातीं दिलीं होतीं!

आमच्या कामांत ही रीत अशी वापरावी. खांबाच्या पहिल्याच तुकड्यावर, सुमारें अडीच मीटर उंचीवर, एक कडें बसवावें आणि तें घसरूं नये म्हणून त्याखालीं क्लॅम्प आवळावा. त्या कड्याला तात्पुरत्या दोऱ्या बांधाव्या, आणि तुकडा उभा करण्यापूर्वींच त्यांच्या मेखा ठोकून ठेवाव्या. पायथ्यापासून त्यांचें अंतरही अडीच मीटरच. मेख सरळ उभी ठोकूं नये. तिचें डोकें खांबापासून बाहेरच्या बाजूस कललेलें असावें, म्हणजे दोरीच्या ओढीनें ती उपटत नाहीं. दोन दोऱ्या पुरत नाहींत, कारण त्या एकाच रेषेंत काम करतात. तीन दोऱ्या एकमेकींशीं १२० अंशांचा कोन करून असल्या कीं खांब पुरता बांधला जातो. पण एकटा माणूस असेल तर मी चार घेण्यास सांगेन. तिहींतली एक सैल केली कीं उरलेल्या दोन्हींचा ताण बिघडतो. चौघींत मात्र समोरासमोरच्या जोड्या असतात, आणि एक जोडी सुधारतांना दुसरीला हात लावावा लागत नाहीं.

या ठेंगण्या दोऱ्यांवर भार तो किती? आपला दहा मीटरचा खांब ५ अंश कलला तरी ४५ अंशांत बांधलेल्या दोरीवर सुमारें पांच किलोचा ताण येतो. साधी सुती दोरीसुद्धां हें मजेंत सोशील. दोरीचें महत्त्व मजबुतींत नाहीं. ती हातासारखी घाम पुसावयाला जात नाहीं यांत आहे. एवढें झालें कीं दोन्ही हात मोकळे होतात, आणि वरचे तुकडे चढवणें, तार जोडणें, कायमचे तणावे मोजून बांधणें हीं सारीं कामें घाई न करतां होतात. मात्र येथें एक इशारा दिला पाहिजे. पूर्ण उंचीचा खांब केवळ या खालच्या दोऱ्यांवर सोडून जेवावयास जाऊं नये. कड्याच्या वरचे साडेसात मीटर मोकळे असतात, आणि वाऱ्यानें नळी तेथें वांकते. वरचा प्रत्येक तुकडा चढवितांना त्याचे तणावे त्याच्याबरोबर वर गेले पाहिजेत, आणि चढविण्याआधीं ते उलगडून ज्याच्या त्याच्या मेखेपाशीं पसरलेले पाहिजेत.

कायमच्या तणाव्यांचीं खालचीं टोकें किती दूर असावींत याविषयीं जागेच्या कंजुषीनें फार चुका होतात. तणावा जितक्या उंचीवर बांधला असेल तिच्या निदान सहा-सात दशांश अंतरावर मेख हवी. उंचीइतकेंच अंतर असेल तर १० किलोचा आडवा जोर थोपविण्यास दोरीवर १४ किलोचा ताण पुरतो. अंतर उंचीच्या पावपट केलें कीं त्याच जोरासाठीं ताण ४१ किलोवर जातो, आणि त्यांतला बहुतेक भाग खांबाला नुसता खालीं दाबीत राहतो. तणावे वाढवून खांब वांकविल्याचीं उदाहरणें मीं पाहिलीं आहेत.

तणाव्यांच्या बाबतींत मोठमोठ्यांचाही हिशेब चुकलेला आहे. १९०१ सालीं मार्कोनीनें अटलांटिक महासागरापार संदेश धाडण्यासाठीं इंग्लंडांतील कॉर्नवॉलमध्यें पोल्धू येथें वीस खांबांचें एक वर्तुळ उभारलें. प्रत्येक खांब सुमारें दोनशें फूट उंच. त्यांचे शेंडे एकमेकांना तारांनीं जोडले होते, म्हणजे शेजाऱ्याच्या आधारावर शेजारी. आर. एन. व्हिव्हियन या त्याच्या अभियंत्याला ही रचना पटली नव्हती. १७ सप्टेंबरला वादळ झालें आणि सारें वर्तुळ कोसळलें. अमेरिकेंतील केप कॉडचें तसेंच वर्तुळ त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत पडलें. शेवटीं मार्कोनीनें पोल्धूला दोनच खांबांमध्यें तारांचा पंखा टांगला, आणि पलीकडे न्यूफाउंडलंडांत तर खांबाचा नादच सोडून पतंगाला तार बांधली. १२ डिसेंबर १९०१ रोजीं त्यानें 'एस्' या अक्षराचीं तीन टिंबें ऐकल्याचें सांगितलें तें त्या पतंगाच्या तारेवर. त्या ऐकण्याविषयीं पुढें पुष्कळ वाद झाले; पडलेल्या खांबांविषयीं वाद झाला नाहीं.

जागा मोकळी असेल तर संपूर्ण खांब जमिनीवर आडवा जोडून पायथ्याच्या बिजागरीवर उचलणें हा दुसरा मार्ग. त्याचें वर्णन मी थोडक्यांत करतों. आडव्या खांबाला शेंड्यापाशीं दोरी बांधून जमिनीलगत कितीही ओढलें तरी तो उठत नाहीं. ओढ त्याच्या लांबीच्या दिशेनें जाते आणि पायथाच चेपला जातो. म्हणून बिजागरीपाशीं तीन मीटरची एक उभी काठी खांबाशीं काटकोन करून बांधतात आणि उचलण्याची दोरी तिच्या डोक्यावरून नेतात. आपल्या खांबाला मग आरंभीं सुमारें तेहतीस किलोची ओढ पुरते, आणि खांब उठत जाईल तशी ती कमी होत जाते. यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट एकच आहे, आणि ती पुस्तकांत कोपऱ्यांत छापलेली असते: दोन्ही बाजूंच्या तणाव्यांच्या मेखा बिजागरीच्या आंसाच्या रेषेंत आणि एकाच पातळीवर असाव्या. तसें असेल तर उचलतांना ते तणावे पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखेच ताणलेले राहतात. मेखा मागेंपुढें झाल्या कीं ते अर्ध्या वाटेंत एकदम सैल पडतात, किंवा इतके ताणतात कीं खांब अडकतो. चौथा, मागचा तणावा आधींच मोजून बांधावा. नाहींतर खांब उभा राहून पलीकडे जातो.

विजेच्या तारांविषयीं बोलल्याशिवाय हा विषय सोडवत नाहीं. गांवाबाहेरून जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या तारा उघड्या असतात. त्यांना अॅल्युमिनियमचा खांब टेकला तर तो धरणाऱ्या सर्वांचाच प्रश्न एकदम मिटतो. खांब पडला तर कोठवर पोहोंचेल तें पायांनीं चालून मोजावें, वरची टांगती तार त्यांत मिळवावी, आणि येणाऱ्या अंतराच्या दीडपटीच्या आंत विजेची तार असेल तर जागा बदलावी. येथें "सांभाळून करूं" हें उत्तर चालत नाहीं. त्याचप्रमाणें वळवाचे ढग जमलेले असतां खांबाला हात लावूं नये, आणि काम चालू असतां पडझडीच्या टप्प्यांत पोरेंबाळें येऊं देऊं नयेत. काम करणाऱ्यांपैकीं हुकूम एकानेंच द्यावा; बाकीच्यांनीं, ते वयानें वडील असले तरी, गप्प बसावें.

खांब उभा झाल्यावर तो सरळ आहे कीं नाहीं हें पाहण्यास गवंड्याचा ओळंबा घ्यावा आणि एकमेकींशीं काटकोन करणाऱ्या दोन जागांवरून पाहावें. एकाच जागेवरून सरळ दिसणारा खांब आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर कललेला असूं शकतो. ताण बेताचाच ठेवावा. तणाव्याची तार सतारीसारखी वाजूं लागली तर ती फार आवळली असें समजावें.

ज्या विद्यार्थ्याची हकीकत मीं वर सांगितली तो गेल्या वर्षीं सुट्टींत माझ्या घरीं आला होता. केस त्याचेही पिकूं लागले आहेत. बोलतां बोलतां तो म्हणाला, "गुरुजी, परसांत जागा आहे, मी एक खांब लावून देतों. तुम्हीं नुसतें बसून ऐकावें." मीं मदतीला उठलों तर त्यानें मला बसवूनच ठेवलें. प्रथम त्यानें चार मेखा ठोकल्या. मग कडें, मग चार ठेंगण्या दोऱ्या, प्रत्येक आपापल्या मेखेपाशीं पसरलेली. पहिला तुकडा उभा करून त्यानें समोरासमोरची एक जोडी बांधली, मग दुसरी. चौथी गांठ मारून झाल्यावर त्यानें खांबावरचा हात काढला, दोन पावलें मागें सरून पाहिलें, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आतां चहा चालेल."